कॅमेऱ्याची पाटी आणि रुमालाची गाठ

ती केस आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीची शेवटची वर्षं होती, मी जालन्यात हवालदार होते. एमआयडीसीच्या रस्त्यावर नवी पाटी लागली होती: कॅमेऱ्याचं चित्र आणि खाली ‘सावधान, आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात’. त्या पाटीजवळच कामावरून पायी घरी निघालेल्या एका बाईला गाडीनं उडवलं. पाय मोडला, शुद्ध गेली. गाडी पळाली. मागून आलेल्या टेम्पोवाल्यानं बाईला उचलून दवाखान्यात नेलं, आणि आमच्या साहेबांनी त्यालाच आत घेतलं. कलम २७९, ३३८: बेदरकार गाडी चालवून जबर दुखापत. आणणारा तोच ठोकणारा, हा ठाण्यातला जुना न्याय. टेम्पो आवारात, लायसन्स जप्त.

“बाई, मी तर उचललं तिला,” टेम्पोवाला मला म्हणाला. “ टेम्पो मालकाचा हाय, आता ठिवतो का तो मला?”

टेम्पोला ओरखडासुद्धा नव्हता. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, “मग दुसरा आणून दाखवा.”

पाटीसमोर एका बाईची चहाची टपरी होती. पहिल्यांदा विचारलं तर “मला काय माहीत”. पोलिसाला पहिल्या झटक्यात कुणी काही सांगत नाही, चहा प्यावा लागतो. मग बोलली, “पांढरी गाडी व्हती. मागं ते शिकाऊ लोकायचं लाल अक्षर. शिकवणारा कुणी संगं न्हाई, एकटाच व्हता.”

मी ड्रायव्हिंग स्कूलं पालथी घातली. स्वतःच्या पांढऱ्या गाडीवर शिकणारा एक दुकानदार सापडला. गाडीचा एक दिवा जुना, पिवळा पडलेला; दुसरा नवाकोरा. ठाण्यात आणला.

“मी त्या रस्त्याला गेलोच न्हाई, मॅडम.”

“शेठ, तिथं कॅमेरा आहे. सगळं दिसतं त्यात.”

तो चक्क हसला. “मी बिलकुल न्हाई दिसणार. पाटी दिसली तवाच तोंडाला रुमाल बांधला व्हता.”

जबाब लिहिणाऱ्या शिपायाचं पेन थांबलं.

“का बांधला?”

“लायसन कच्चं, शेजारी कुणी न्हाई. फोटो निघाला असता ना.”

“आणि गाडीच्या नंबराला? त्याला रुमाल बांधला का?”

त्यानं खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं.

“शेठ, रुमालाची गाठ एका हातानं बसते का?”

“न्हाई... दोन्ही लागतात.” मान खाली गेली. “स्टेअरिंग सोडलं व्हतं. बाई दिसलीच न्हाई.”

काय बोलावं! गाडी सावकाश, नियमानं चालवा, एवढाच त्या पाटीचा अर्थ. लर्निंगच्या परीक्षेत यानं वळणाची पाटी ओळखली, शाळेची ओळखली. ही कुणी विचारली नव्हती. आणि खांबावर कॅमेरा तर अजून बसायचाच होता. नुसती पाटी होती.

माणूस पकडलं जाण्याला भितो, रस्त्यावरच्या माणसाला धक्का लागेल याला भीत नाही, हे मला तेव्हा पक्कं कळलं. आणि पोलीस चुकीच्या माणसाला धरतात तेव्हा ही भीती आणखी वाढते.

लायसन्स परत देताना टेम्पोवाल्याला रुमालाची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, “परत कुणी पडलेलं दिसलं तर असंच उचल.”

“परत?” तो म्हणाला. “परत मी बी रुमाल बांधून निघून जाईल, बाई.”