तिसऱ्या खिळ्यावरची पिशवी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि अंबिका बत्तीस कप चहा गाळत होती. नवघरच्या बेघर तरुणांच्या निवाऱ्यात एकतीस पोरं राहतात; बत्तिसावा कप तिचा. संगमेश्वरकडची ही बाई नऊ वर्षं इथली देखभाल बघते. कपाटाच्या चाव्या तिच्या कमरेला, हजेरीवही तिच्या हाताखाली. तिला दोन गोष्टी खपत नाहीत: ओल्या अंगाने गादीवर बसणं आणि कॉलेजचं शिबिर.

शिबिर सात वाजता आलं. पुण्याचे बारा विद्यार्थी, सारखे टी-शर्ट, कापडी फलक. पुढे क्षितिजा, तिसऱ्या वर्षाची, हातात कामांची यादी.

"मावशी, सुरुवात कुठून करू?"

"घरी जाण्यापासून."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. क्षितिजा हसली नाही. "आम्ही खरंच मदतीला आलोय."

"मागच्या वर्षीपण आलेले. भिंतीवर फुलपाखरं काढून गेले. नळ गळत होता, तो अजून गळतोय."

पोरं एकेक करून कामाच्या शोधात नाक्यावर गेली. क्षितिजा मात्र दर पाच मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात. झाडू कुठला? फिनेल किती? ही चादर धुवायची का? अंबिकाच्या तव्यावर पोळी करपली तेव्हा तिने मागे न बघता सांगितलं, "जे घाण दिसेल ते उचला. मला विचारत बसू नका."

त्यांनी उचललं. आठ चाळीसला घंटागाडी आली आणि चार काळी पोती घेऊन गेली.

नऊला जितेश सलूनमधून परतला. वय वीस, माणगावकडचा, आज पहिल्यांदा पैसे देऊन दाढी केलेली. एका एजन्सीमार्फत मीरा रोडच्या सोसायटीत वॉचमनची जागा मिळाली होती. उद्या सकाळी सातला मूळ दाखला दाखवायचा आणि ड्यूटीवर उभं राहायचं. तो थेट पोरांच्या पिशव्या टांगलेल्या भिंतीकडे गेला. तिसरा खिळा रिकामा होता.

"माझी पिशवी?"

"ती काळी, फाटकी?" क्षितिजा म्हणाली. "तिला वास येत होता. कचऱ्यात दिली."

निवाऱ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट बाहेरच्याला कशी ठाऊक असणार? जितेशची चांगली बॅग पुलाखाली झोपेत चोरीला गेली होती, आधार कार्डासकट. तेव्हापासून तो इतरांसारखाच शहाणा झाला: किमती वस्तू सगळ्यात घाणेरड्या पिशवीत ठेवायची. वर सडका कांदा, खाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला शाळा सोडल्याचा दाखला. त्याचं नाव आणि जन्मतारीख लिहिलेला तेवढा एकच कागद.

"आम्हाला काय माहीत..."

"तुला नव्हतं," अंबिका म्हणाली. "मला होतं."

जितेश वळला. "म्हणजे तुम्ही सांगितलंत?"

"घाण दिसेल ते उचला म्हणाले."

तो तिच्याकडे बघत राहिला. नऊ वर्षांत एकाही पोराने तिच्याकडे असं बघितलं नव्हतं.

क्षितिजाने रिक्षा केली, जितेशला ओढत नेलं. तासाभराने दोघं परतली. गाडीत कचरा दाबून उत्तनच्या डंपिंगला गेला होता. तिथे गेटवरच्या माणसाने आत सोडलं नाही. क्षितिजाने फोन पुढे केला. साफसफाईआधीचा फोटो होता. "बघ, ही तुझी पिशवी. अगदी स्पष्ट आलीय."

"दाखला दिसतोय का त्यात?"

तिने फोन खाली घेतला.

"मी शाळेत येते तुझ्याबरोबर. दुसरी प्रत मिळते, मी समजावून सांगेन त्यांना."

"मॅडम, तुमचं बस झालं."

अंबिकाने एजन्सीला फोन लावला, दोन दिवस मागितले. पलीकडचा म्हणाला, एकच दिवस, परवा सातपर्यंत, पुढे दुसरा माणूस. तिने कमरेच्या चाव्या काढून क्षितिजासमोर ओट्यावर ठेवल्या.

"उद्या मी याच्याबरोबर माणगावला चाललेय. तू इथे थांबायचंस."

"आमचा उद्या पथनाट्याचा कार्यक्रम..."

"तो इथे नको. फलकपण नको. भिंतीवरच्या एकाही पिशवीला बोट लागलं तर परत आल्यावर मी आहे."

"मी येतो म्हणालो का तुमच्याबरोबर?" जितेश म्हणाला.

"नको बोलूस. नुसता चल."

क्षितिजाने चाव्या उचलल्या, यादीवरच्या सगळ्या ओळी खोडल्या आणि विचारलं, "चहाला साखर किती?"

"पोरांना विचार."

शाळेचं कार्यालय उद्या साडेदहाला उघडतं. निवाऱ्यात चहा सव्वासहाला लागतो. उद्या तीस कप, आणि क्षितिजाचा एक.