अमेरिकेच्या फौजेचं बोलावणं

दादा अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकला आणि तिथेच नोकरीला लागला, तेव्हा नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या आमच्या गल्लीत आईने पेढे वाटले होते. साठचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बाबा रेल्वेत बाबू होते.

त्या हिवाळ्यात दादाचा तिथला एक मित्र मुली पाहायला नागपूरला आला आणि आम्हालाही भेटायला आला. चहा पिता पिता तो म्हणाला, "काकू, त्याच्या मेडिकलचं काय झालं?"

"कायचं मेडिकल?" आईने विचारलं.

तो गडबडला. बाबांनी खोदून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. तिथे कायम राहायचा परवाना घेतला की बाहेरच्या माणसालाही फौजेत बोलावतात. शिकत असेपर्यंत दादाला सूट होती. आता शिक्षण संपलं होतं आणि व्हिएतनामची लढाई चालूच होती. दादाला तपासणीसाठी बोलावणं आलं होतं.

"पन आपला पोरगा त्यायच्या लढाईत काहून जाईन?" आई म्हणाली. मित्र चहा अर्धा टाकून उठला.

त्या दिवसापासून घरात आवाज चढवून कोणी बोलेना. पेपर आला की बाबा आधी स्वतः चाळायचे आणि लढाईचा फोटो असला की ते पान घडी करून ऑफिसला घेऊन जायचे. एकदा विसरले. चिखलातून स्ट्रेचर नेणारी पोरं होती त्यात, दादाच्याच वयाची. आई त्या फोटोवर वाकून एकेकाचा चेहरा पाहत होती. मी पेपर ओढला तर ती सोडेना.

शेवटी बाबांनी तारघरातून अमेरिकेला फोन लावायचं ठरवलं. नंबर लागायची वाट पाहत आम्ही तिघं सकाळपासून बाकावर बसलो होतो. दुपारी हाक आली. आईने बाबांच्या हातून रिसीव्हर घेतला आणि ओरडली, "सांग त्यायले, मले फिट येते! लहानपणापासून येते म्हन!"

सगळं तारघर आमच्याकडे पाहू लागलं. बाबांनी फोन घेतला, मग पुन्हा आईने. मधेच खरखर वाढली आणि लाइन तुटली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"जाऊन राहिलो म्हने," आई म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

"नाही वं! येऊन राहिलो म्हने तो," बाबा म्हणाले. "मी ऐकलं ना."

"तुमी आपल्या मनाचं ऐकलं."

पुन्हा फोन लावला, पण लागला नाही. नंतरचे कितीतरी दिवस त्या एका शब्दावर आमचं घर टांगलेलं होतं. तारवाल्याची सायकल गल्लीत वळली की आई मोरीत जाऊन नळ सोडायची. घंटी ऐकू येऊ नये म्हणून.

आणि एका सकाळी सायकलरिक्षातून दादा उतरला. वाळलेला, दाढी वाढलेली, हातात एकच बॅग. आईने त्याच्या दंडाला, पाठीला, गुडघ्यांना हात लावून पाहिला. "परवाना परत करून आलो," तो म्हणाला. "आता त्यायचा माझ्यावर हक्क नाही." बाबांनी तोंड फिरवून चष्मा पुसला.

आईला मात्र ते खरं वाटेना. बाहेर पडायचं म्हटलं की कोणी ओळखू नये म्हणून ती दादाला टोपी घालायला लावायची.

दोन-तीन महिन्यांनी एक गोरा पाद्री आमच्या दारात उभा राहिला. चुकला होता बिचारा. मोडक्या हिंदीत त्याने कुठल्याशा दवाखान्याचा रस्ता विचारला. मी सांगणार, तेवढ्यात आई दारात आडवी झाली.

"यहाँ कोई लडका नहीं है," ती म्हणाली. "मेरे को एक लडकीच है."

पाद्री गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. आत दादा जेवत होता. त्याचा हात ताटातच थांबला. आईने दार लावलं, कडी घातली, आणि पाद्री गल्लीच्या बाहेर जाईपर्यंत ती दाराला पाठ लावून उभी राहिली.