रेखाचा अर्क

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतोय? माहीत नाही.

बेळगावात एका प्रयोगशाळेत मी प्रथिनं शुद्ध करायचो. बियांचा अर्क कॉलममधून, म्हणजे बारीक मण्यांनी भरलेल्या नळीतून सोडायचा. हवं ते प्रथिन मण्यांना चिकटतं, बाकीचं खाली निथळतं. चिकटलेलं मग सोडवून घ्यायचं. फक्त अर्कातले क्षार आधी काढावे लागतात, नाहीतर काहीच चिकटत नाही. त्यात अख्खा दिवस जातो. आणि निथळलेलं पाणी तपासल्याशिवाय फेकायचं नाही — हे आम्हीच नव्या लोकांना बजावायचो.

रेखा खानापूरकडची, शेतकऱ्याची मुलगी, वर्षाच्या करारावर आलेली. कणकुंबीच्या जंगलात हिंडून तिने बिया गोळा केल्या, चार महिने खपून अर्क केला. कॉलम मात्र माझ्याकडे. त्या शनिवारी मला निपाणीला घरी जायची घाई होती — घाई कसली, कंटाळा आला होता. क्षार न काढताच मी सगळा अर्क सोडला. निथळलेलं बेसिनमध्ये ओतून दिलं. आणि मग चिकटलेलं सोडवताना यंत्रावरचा प्रथिनाचा आलेख बघतो तर सपाट! प्रथिन कुठे गेलं हे मला त्याच क्षणी कळलं. कळलं नाही असं कुठल्या तोंडाने म्हणू?

सोमवारी सरांनी विचारलं. मी म्हणालो, अर्कच खराब असावा, बाहेर राहिला असेल. रेखा शेजारीच उभी होती.

"न्हाय ओ सर, बर्फातनं भाईर काढलाच न्हवता मी. अण्णास्नी इचारा की."

अण्णा म्हणजे मी. रोज तो बर्फ मी डोळ्यांनी बघत होतो. मी काय केलं? यंत्राचं बटण पुसत बसलो.

तिचा करार वाढवला नाही. पुढच्या वर्षी मी नव्या बिया आणल्या, क्षार नीट काढले, आणि आलेखात सुळका उभा राहिला. शोधनिबंध छापून आला. शेवटी आभारात तिचं नाव घातलं — केवढा हा उदारपणा! लाज वाटते लिहिताना.

परवा टिळकवाडीत भेटली. शिकवण्या घेते म्हणाली. पुन्हा लॅबमध्ये का गेली नाहीस, असं मीच विचारलं — मी!

"माझ्या हाताला यशच न्हाय, अण्णा. तवाच कळलं की."

ती हसत म्हणाली. आणि मी मान डोलावून म्हणालो, "असतं एकेकाचं."