पिंजऱ्यातला हात

सुनीतीच्या घरी दिवेलागणीला ऊद घालायची बंदी होती. देवापाशी निरांजन लागायचं, पण उदबत्तीसुद्धा नाही. मागच्या खोलीत डास होते, आणि धुराने ते मेले असते. सगळं लखनौ डास मरावेत म्हणून संध्याकाळी कडुलिंबाचा पाला पेटवायचं आणि उपळेकरांच्या घरी डास जगावेत म्हणून धडपड चालायची. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोट धरून हसले होते. तो पिंजरा पाहिल्यावर मात्र हसू आलं नाही.

तेलीबागेतल्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच. माझे मिस्टर राजाराम अमौसीला विमानतळावर नोकरीला, आणि सुनीतीचे नरहर उपळेकर एका केंद्र सरकारी कार्यालयात कीटकशास्त्रज्ञ. मी त्यांना भाऊजी म्हणायची. सुनीती आणि ते, दोघंही कराडकडची. सुनीती माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, अबोल आणि हाताने कुशल. घरात मूल नव्हतं. दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत सगळं संपलं होतं. हा विषय त्या घरात कुणी काढत नसे.

भाऊजी दरवर्षी मिझोरामच्या ब्रह्मदेशाकडच्या कडेला जायचे. रस्ता संपतो तिथून बांबूचं रान लागतं म्हणे, आणि हद्द कुठे आहे ते तिथल्या माणसांनाही नीट सांगता येत नाही. काम हिवतापाचे डास गोळा करायचं. तोडलेल्या बांबूच्या बुंध्यात पाणी साचतं, त्या पाण्यात चौऱ्याण्णव साली त्यांना एक डास सापडला, जो कुठल्याच पुस्तकात नव्हता. काळाभोर, आणि पाठीवर मळक्या सोनेरी रंगाची एक रेघ. टिपकागदावर त्याची अंडी घेऊन ते लखनौला आले तेव्हा मुलगा झाल्याच्या थाटात आम्हाला पेढे देऊन गेले. "बारसं करायचंय याचं," म्हणाले, "पण आधी सगळं कुटुंब दाखवावं लागतं."

म्हणजे असं, की जगाला नवी जात पटवायची तर एकाच आईची अंडी, अळ्या, कोष, नर, माद्या हे सगळं समोर ठेवावं लागतं. त्यासाठी डास पाळावे लागतात. कार्यालयातल्या खोलीत ठेवले असते, पण तिथे दुपारभर वीज नसायची आणि आधीची एक पैदास मे महिन्याच्या उकाड्यात मेली होती. म्हणून भाऊजींनी कुणालाही न विचारता पिंजरा घरी आणला. लोखंडी सळ्यांचा चौकोनी सांगाडा, त्याभोवती मलमल, आणि एका बाजूला हात घालायला कापडाची बाही. ती बाही सुनीतीनेच त्यांच्या जुन्या पायजम्यातून शिवली होती.

नरांना भिजवलेल्या मनुका चालतात. मादीला अंडी घालायला रक्त लागतं. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी भाऊजी शर्टाची बाही कोपराच्या वर सरकवायचे, पिंजऱ्यात हात घालायचे आणि रेडिओवरच्या बातम्या ऐकत बसायचे. हात बाहेर यायचा तेव्हा त्यावर गांधीच गांधी उठलेल्या. त्यावर ते खोबरेल चोळायचे आणि जेवायला बसायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय." ते म्हणाले, "हेमावहिनी, हा डास आजवर कुणी पाळलेला नाही. जगात पहिला मी." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

पंचाण्णवच्या जूनमध्ये, बाजारात नुकते दशहरी आंबे आले होते, तेव्हा ते पुन्हा त्या रानाकडे निघाले. ऑगस्टअखेर परत येणार होते. तोपर्यंत पिंजऱ्यात हात कोण घालणार?

"सुनीती घालेल," ते सहज म्हणाले. तुळशीला पाणी कोण घालेल, या प्रश्नाला द्यावं तसं उत्तर. तिने मान हलवली. मला इतका संताप आला की मी चहाचा कप तसाच ठेवून घरी आले.

पहिले काही दिवस मी मुद्दाम त्या वेळेला तिच्याकडे जायचे. मागच्या खोलीत ओल्या फडक्याचा आणि कुबट पाण्याचा वास. परातीत अळ्या वळवळत असायच्या. सुनीती पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसायची, बांगड्या वर सारायची, हात आत घालायची आणि मनातल्या मनात शुभंकरोती म्हणायची. ओठ तेवढे हलायचे. डास एकेक करून हातावर उतरायचे आणि त्यांची पोटं तांबडी होऊन फुगायची. एखादी मादी मेली की भाऊजींनी शिकवल्याप्रमाणे ती तिला कागदाच्या बारीक टोकावर चिकटवायची आणि टाचणीला लावून पेटीत ठेवायची. तिचा हात इतका स्थिर होता की एकीचाही पाय मोडला नाही.

एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही, लोक मला हसले असते. मी खोलीत गेले तर डास जाळीवर गप्प बसलेले असायचे. सुनीतीची पावलं वाजली की सगळे उठायचे आणि बाहीच्या तोंडाशी गोळा व्हायचे. तिने अजून बांगड्याही वर सारलेल्या नसायच्या.

जुलैत तिला मोहरीच्या तेलाचा वास सहन होईना. सब्जीला फोडणी दिली की ती अंगणात पळायची. मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. सरळ विचारलं, तर ती रडायला लागली आणि हसायलाही लागली.

"भाऊजींना कळवलंस?"

"नाही ताई. तीन महिने भरू देत. मागच्या दोन्ही वेळा लगेच सांगितलं, त्यांनी लगेच कराडला कळवलं, आणि मग... या वेळेला नियम पाळणार. तुम्हीही कुणाला बोलायचं नाही. माझी शपथ."

आपल्याकडे तीन महिने भरेपर्यंत वाच्यता करत नाहीत, हे मलाही मान्य होतं. पण पिंजरा? मी म्हटलं, "मग आजपासून हात आत घालायचा नाही. उपाशी मरू देत मेले."

"त्यांची सगळी उमेद आहे हो त्यात. आणि माझं काय, हातच तर द्यायचा आहे."

फोन आमच्याच घरी होता. भाऊजी कधीमधी ऐझॉलला उतरले की लावायचे. त्या आठवड्यात लागला. लाइनवर नुसती खरखर, दोघंही ओरडून बोलत होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"उपाशी नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

"नाहीत. रोज देते."

"अंडी?"

"दोन कागद भरले."

"वा! वा! सुनीती, आता थोडेच दिवस!"

फोन कट झाला. तू कशी आहेस, हे विचारायचं राहूनच गेलं. सुनीती रिसीव्हर हातात धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद होता.

आषाढ संपता संपता तिला ताप भरला. आधी कणकण, मग अंग फणफणलं, सांधे इतके दुखायला लागले की कूस बदलता येईना. मी तेलीबागेतल्याच लेडी डॉक्टरकडे घेऊन गेले. रक्त तपासलं, मलेरिया निघाला नाही. "वायरल है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पावसाळ्यात लखनौतला प्रत्येक ताप वायरल असतो.

सुनीती माझा दंड दाबत होती, तरी मी बोललेच. "डॉक्टरसाहब, इनके घर में मच्छर पाले हुए हैं. बर्मा बॉर्डर के. ये रोज़ उनको अपना ख़ून पिलाती हैं."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "अरे भाभीजी, मच्छर तो इस मोहल्ले में हर घर ने पाले हुए हैं. गोली देती हूँ, आराम कराइए."

बाहेर आल्यावर सुनीती म्हणाली, "ताई, असं बोलू नका. घरी पाळलेत हे ऑफिसला कळलं तर त्यांची नोकरी जाईल." मी रिक्षात तोंड फिरवून बसले. त्या डासांत काही होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्या डासाला अजून नावसुद्धा नव्हतं. या एका गोष्टीचीच मला भीती वाटत होती.

मी तिला आमच्याकडे आणून झोपवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवापाशी दिवा लावून वळले तर पलंग रिकामा. तशीच त्यांच्या घरी धावले. मागच्या खोलीत ती स्टुलावर बसली होती, कपाळ पिंजऱ्याच्या सळीला टेकलेलं, डोळे मिटलेले, आणि हात कोपरापर्यंत आत. हाताची कातडी दिसत नव्हती, इतके डास. तापलेल्या अंगाला डास जास्त येतात असं भाऊजीच म्हणायचे. मी तिचा हात ओढून बाहेर काढला. ती म्हणाली, "काल चुकलं ना, म्हणून."

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी पोटात दुखायला लागलं. नर्सिंग होममध्ये नेईपर्यंत रिक्षातच सगळं संपलं होतं. तीन महिने भरायला थोडेच दिवस राहिले होते. सुनीती रडली नाही. मीच रडले, मोठमोठ्याने, आणि नर्स मलाच गप्प करत होती.

घरी आल्यावर तिने एकच सांगितलं. "ह्यांना यातलं काही कळता कामा नये. सांगितलंच नव्हतं, मग गेलं म्हणून तरी काय सांगू?" मी पुन्हा शपथ घेतली. आणि संध्याकाळ झाल्यावर ती उठली, बांगड्या वर सारल्या आणि मागच्या खोलीत गेली. मी अडवलं तर म्हणाली, "आता काय जपायचंय, ताई?"

भाऊजी ऑगस्टच्या शेवटी आले. उन्हाने काळे पडलेले, वाळलेले, आणि खुशीत. त्यांनी परातीतल्या अळ्या बघितल्या, टाचण्यांची पेटी बघितली आणि बायकोची पाठ थोपटली. "बारीक झालीस गं," एवढं त्यांच्या लक्षात आलं, हेही कमी नाही. संध्याकाळी शर्टाची बाही वर करून त्यांनी पिंजऱ्यात हात घातला. मी दारातच होते. डास जाळीवर बसून राहिले. एकही उठला नाही. भाऊजींनी हात हलवला, ओला करून पाहिला. काही उपयोग नाही.

"कमाल आहे," ते हसत म्हणाले. "तुझी सवय झाली त्यांना. सुनीती, अजून आठच दिवस दे. एक पिढी निघाली की झालं."

ती दारात उभी होती. तिची चाहूल लागली तसे सगळे डास उठले आणि बाहीच्या तोंडाशी आले. तो बारीक, गोड आवाज खोलीभर झाला.

सुनीती वळून स्वयंपाकघरात गेली. भाऊजींना वाटलं, हात धुवायला गेली. ती परत आली ती धुपाटणं घेऊन. निखारे लालभडक, त्यावर मूठभर ऊद. धूर इतका की तिचा चेहरा दिसत नव्हता. तिने धुपाटणं पिंजऱ्याखाली ठेवलं.

"अगं! अगं, काय करतेस?" भाऊजी पुढे झाले. "वर्षभराचं काम आहे!"

"आजपासून घरात ऊद घालायचा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण भाऊजी जागीच थांबले. धूर विरला तोवर पिंजऱ्याच्या तळाशी काळा भुगा पडला होता. तिने शुभंकरोती म्हटली, या वेळेला मोठ्याने. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्याबरोबर म्हणू लागले.

भाऊजी महिनाभर घुश्शात होते. पण पेटीत तिने लावलेले डास होते, बाटल्यांत अळ्या आणि कोष होते, आणि तेवढ्यावर त्यांचं काम भागलं. सत्त्याण्णव साली त्यांचा लेख छापून आला. जात नवी ठरली. तिला त्यांनी बायकोचं नाव दिलं होतं. हजरतगंजहून मिठाई आणली आणि पेटी घेऊन आमच्याकडे आले, सुनीती मागोमाग.

"हे बघा," त्यांनी झाकण उघडलं आणि भिंग तिच्या हातात दिलं. "हा मूळ नमुना. पुढे जगात कुणीही या जातीबद्दल बोलला तरी याच मादीशी ताडून बघणार. परवा संग्रहालयात जाईल, शंभर वर्षं जपतील. सुनीती, तूच लावलेली आहे. पोट बघ, किती गच्च भरलंय."

भिंगातून तिने पाहिलं. मीही पाहिलं. वाळलेल्या पोटात काळपट तांबडं काही तरी गोठून राहिलं होतं.

"ही कधीची?" तिने विचारलं.

"आषाढातली. मी नव्हतो तेव्हाची."

सुनीतीने भिंग खाली ठेवलं. म्हणाली, "म्हणजे हे रक्त माझं एकटीचं नाही."

"म्हणजे?" भाऊजी अजून हसतच होते.

तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही सांगा. मला नाही सांगवत."

मी सांगितलं. मोहरीच्या तेलापासून रिक्षापर्यंत, सगळं. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते आणि पेटीचं झाकण लावत होते. ते पुन्हा पुन्हा वाकडंच बसत होतं. शेवटी सुनीतीनेच पुढे होऊन ते नीट लावलं.