ओल्या भिंतीचा रंग

आमच्या गावच्या रंगाऱ्याने मला फसवलं, आणि तेही खरं बोलून.

श्रावणात रंगारी रिकामे असतात, हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. लोणी काळभोरहून कसबा पेठेत आलो तेव्हा माझ्याकडे एक पिशवी होती. आज तिथे भांड्यांचं दुकान आहे, वारज्यात घर आहे, आणि हे सगळं समोरचा सांगेल तो भाव देऊन झालेलं नाही. शिवाय यंदा गौरी पहिल्यांदाच आमच्याकडे बसणार होत्या. आजवर त्या गावी थोरल्या भावाकडे असत, पण वहिनींचे गुडघे आता साथ देईनात. बायकोने धसका घेतला होता. वहिनी कुठेही गेल्या की आधी भिंती बघतात, मग माणसं.

म्हणून श्रावणातच गावच्या रंगाऱ्याला बोलावलं. त्याने हॉलच्या भिंतीवर तळहात टेकला. "भाऊ, भिंत ओली हाय. दसऱ्यानंतर बघू."

मी म्हणालो, भाव वाढवायची ही तऱ्हा मला नवी नाही. नसेल जमत तर दुसरा बघतो. त्याने माझा भाव निमूट मान्य केला आणि रंग लावून गेला. तो इतका निमूट झाला, तिथेच मला संशय यायला हवा होता.

गौरींच्या चार दिवस आधी मखरासाठी कपाट सरकवलं, तर मागे काळे ठिपके, फोडणीतली मोहरी उडावी तसे. सोड्याच्या पाण्याने धुतले, व्हिनेगर फवारलं, दिवसभर पंखा लावला. दुसऱ्या दिवशी ठिपके ताजेतवाने हजर. रंगाऱ्याला बोलावलं. भिंतीवरून बोट फिरवून तो म्हणाला, मी आधीच सांगितलं होतं. मी भडकलो. रोगी म्हणाला म्हणून डॉक्टर नको ते ऑपरेशन करतो का, असं विचारलं.

"डॉक्टरशी तुम्ही घासाघीस करत न्हाई, भाऊ," तो म्हणाला आणि बोट माझ्याच पडद्याला पुसून गेला.

शेवटी बायकोने तिथे हिरवी साडी ताणून लावली आणि पुढे गौरी बसवल्या. वहिनी आल्या, पुरणपोळी जेवल्या, दोनदा वाखाणली. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या असताना त्या उठल्या आणि साडीचं टोक उचललं. बायकोच्या हातातलं तबक कलंडायचं तेवढं बाकी होतं.

"घावली एकदाची ओल," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, वास माझ्याच नाकात हाय."

सगळ्या हसल्या, बायको सर्वांत जास्त. मग वहिनींनी तिला शेजारी बसवून सांगितलं, रंग खरवडून काढ, दिवाळीपर्यंत भिंत उघडी ठेव, कपाट हातभर पुढे. महिनाभराचा बायकोचा घोर तिथे संपला. माझा तिथे सुरू झाला, कारण पुढे वहिनी सहज बोलून गेल्या की श्रावणात त्यांनीही याच रंगाऱ्याला बोलावलं होतं. जास्त पैसे देऊ केले, भांडल्या, पण पठ्ठ्याने ओल्या भिंतीला ब्रश लावायला साफ नकार दिला.

त्यांना नाही म्हणायला त्याला तोंड होतं. मग माझ्यापुढेच कसं मिटलं? मला पैसे परत नकोत. त्याने भर बाजाराच्या वेळी दुकानात यावं आणि गिऱ्हाइकांसमोर सांगावं: वहिनींची भिंत वाचवली, मग माझी का बुडवली?