आईचा बोलर

आईला बेसबॉलचे नियम कधीच पुरते कळले नाहीत, पण माणसं बरोबर कळायची. पहिल्यांदा ती माझ्याकडे जपानमध्ये इचिकावाला राहायला आली, तेव्हा टीव्हीवर आमच्या टीमचा एक डावखुरा पिचर बघून म्हणाली, "हा बोलर चांगल्या घरचा दिसतो. दुसऱ्याने झेल सोडला तरी कपाळाला आठी नाही." झालं! त्याच्या नावाचा आणि नंबरचा शर्ट आणून द्यावा लागला. तो ती पुण्यात मॉर्निंग वॉकला घालायची.

दोन वर्षांनी ती पुन्हा आली, तोवर तिचा बोलर आमची टीम सोडून दुसऱ्या टीममध्ये गेला होता.

हे सगळ्यात जास्त लागलं होतं आमच्या सेन्सेईंना, म्हणजे ज्या लॅबमध्ये मी पोस्टडॉक होते तिथल्या प्रोफेसरांना. एरवी इतका मवाळ माणूस, की विद्यार्थ्याने काचेचं भांडं फोडलं तर तेच माफी मागायचे. पण त्या शरद ऋतूत ते पेटले होते. सहा टीममधल्या पहिल्या तिघींना प्लेऑफ, आणि आम्ही तिसऱ्या-चौथ्या नंबरात लोंबकळत होतो. कोणत्या दिवशी कोणाला पिचिंग द्यावं यावर जेवणाच्या सुट्टीत फळ्यावर बाण काढून वाद चालत. कोणी त्या डावखुऱ्याचं नाव घेतलं की सेन्सेई खडू खाली ठेवत. "आठ वर्षं आपण त्याला वाढवलं. गेला." आपल्याकडे म्हणतात ना, खाल्ल्या मिठाला जागला नाही, तसा सूर.

मी मान खाली घालून डबा खात असे. कारण मला ओसाकाच्या एका संस्थेत कायमची नोकरी मिळाली होती, एप्रिलपासून, आणि ते मी सेन्सेईंना सांगितलं नव्हतं.

कोणत्या तोंडाने सांगणार? जपानमधल्या २०११च्या मोठ्या भूकंपानंतर घरच्यांच्या फोनवरच्या रडारडीला शरण जाऊन मी पुण्याला निघून गेले होते. परतले तेव्हा माझं टेबल लख्ख पुसलेलं होतं आणि माझे नमुने फ्रीझरमध्ये जसेच्या तसे. त्या दिवसांत वीज जायची, तेव्हा सेन्सेई स्वतः नमुन्यांभोवती कोरडा बर्फ भरत होते, हे मला दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं. अशा माणसाला सोडून जायचं होतं.

"सांगून टाक," आई म्हणाली. "दुखणं अंगावर काढू नये."

प्लेऑफच्या आधीची शेवटची मॅच रविवारी दुपारी होती. जिंकलो तर तिसरे, हरलो तर घरी. आणि समोर पिचिंगला आईचा बोलर! सेन्सेईंनी आम्हा दोघींची तिकिटं काढली होती, तीही आमच्या टीमच्या कट्टर पाठीराख्यांच्या स्टँडमधली. स्टेशनवर भेटल्यावर आईने स्वेटरची बटणं सोडली. आत तोच शर्ट. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. सेन्सेईंच्याही अंगात त्याच पिचरचा शर्ट होता, पण नावावर त्यांनी पांढरी चिकटपट्टी लावली होती. सोडून गेलेल्या खेळाडूचं नाव इथे असं झाकतात. त्यांनी पिशवीतून पट्टीचं रीळ काढलं आणि वाकून, दोन्ही हातांनी आईपुढे धरलं. आईनेही वाकून, दोन्ही हातांनी ते घेतलं आणि त्यातली पट्टी चिवड्याच्या फुटलेल्या पुड्याला लावली.

मग माझ्या डोक्यावरून वाद सुरू झाला. दुभाषी मीच.

"त्यांना सांग, माणसाने काय एकाच अंगणात म्हातारं व्हायचं? आठ वर्षं खांदा झिजवला त्याने."

"आई म्हणते, आज वारा छान आहे."

"दुसऱ्या टीममध्ये त्याला इतकं निष्ठेने कोण सांभाळेल?" सेन्सेई म्हणाले.

"ते म्हणतात, चिवडा छान आहे."

आई हसली. तिला जपानी येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं.

सहा डाव तिच्या बोलरने आम्हाला नुसतं नाचवलं. सातव्यात त्याचा हात दमला. आमचा एक जण धावत बेसवर पोचला, दुसरा पोचला, आणि तिसऱ्याने चेंडू असा हाणला की दोन धावा आल्या. ट्रम्पेट, ढोल, उड्या! आईसुद्धा उड्या मारत होती. त्यांच्या टीमचा मॅनेजर मैदानात आला आणि त्याने पिचरच्या हातातून चेंडू काढून घेतला. पिचर मान खाली घालून निघाला. आई उभीच राहिली आणि टाळ्या वाजवू लागली.

आमच्या स्टँडमध्ये परक्याला टाळ्या नसतात. पुढच्या रांगेने वळून पाहिलं. मी तिचा हात ओढला.

"आपल्याकडे चांगलं खेळून परतणाऱ्याला आत जाईपर्यंत टाळ्या वाजवतात," ती म्हणाली. "मग तो कोणाकडून का खेळेना."

हे मात्र मी सेन्सेईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हातातले प्लॅस्टिकचे दोन भोंगे टाळ्यांसारखे एकमेकांवर आपटायला सुरुवात केली, हळूहळू, तो दिसेनासा होईपर्यंत. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. आईला त्याचं काही नव्हतं.

आम्ही जिंकलो. अनोळखी बायका आईच्या गळ्यात पडत होत्या, मी रडत होते, आणि त्या गोंधळात मला एकदम धीर आला. ढोलांमुळे ओरडूनच बोलावं लागलं.

"सेन्सेई, मी एप्रिलमध्ये ओसाकाला जातेय!"

"माहीत आहे!" तेही ओरडले. "तिथल्या प्रोफेसरांनी मला फोन केला होता. मी इतकं चांगलं बोललो की त्यांना तुम्हाला घ्यावंच लागलं. महिनाभर स्वतःवरच चिडलोय!"

"मग बोलला का नाहीत?"

"मोसम संपल्यावर बोलणार होतो." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, आणि ते मैदानाकडे बघत म्हणाले, "आणि मोसम अजून संपलेला नाही. शनिवारी प्लेऑफला आईंना घेऊन या."