लॅपटॉपचा पंखा आणि दोन वाघ

निवृत्त झाल्यावर आमच्या साहेबांना करमेना, म्हणून मुलानं पुण्याहून आपला जुना लॅपटॉप पाठवून दिला. साहेब म्हणजे माझे यजमान. सरकारी कचेरीत जन्म गेला, त्यामुळे घरातही मी त्यांना साहेबच म्हणते. त्यांना तो मान वाटतो, मला ती थट्टा वाटते, आणि संसार चालतो.

आम्ही बीदरला नौबादमध्ये राहतो. दुपारचं जेवण झालं की साहेब चष्मा पुसून लॅपटॉप उघडतात, आणि थोड्या वेळात त्याच्या पोटातला पंखा सुरू होतो. सुरू होतो म्हणजे कसा, तर गिरणीत ज्वारी टाकल्यासारखा. मी तीस-पस्तीस पोरांचा वर्ग सांभाळलेली बाई, गोंगाटाला भीत नाही. पण पोरं निदान मधल्या सुट्टीत बाहेर जात.

"काय करायलाव एवढं?" मी एकदा विचारलं.

"बातम्या वाचायलोय."

"बातम्या वाचायला मशीन एवढं कामून ओरडायलंय?"

"जड बातम्या हायत."

मी मागं जाऊन पाहिलं. बातमी चार ओळींची. तिच्या एका बाजूला गुडघेदुखीचं तेल उड्या मारत होतं, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा प्लॉटची जाहिरात लुकलुकत होती, खाली एक बाई न सांगता नाचायला लागली होती. एवढा बाजार पेलताना त्या मशीनला धाप लागली तर नवल काय. पण साहेबांचं मत वेगळं. आधी ते म्हणाले धूळ बसली. मग म्हणाले व्होल्टेज कमी आहे. मग लॅपटॉप कूलरपुढं ठेवून बघितला, तर मशीन तसंच ओरडत राहिलं आणि साहेबांना सर्दी झाली. शेवटी खालून हवा लागावी म्हणून त्यांनी माझी पुरणाची चाळण पालथी घातली आणि तिच्यावर लॅपटॉप बसवला. त्या होळीला मी पुरण पाट्यावर वाटलं.

आमच्या घराला लागून अण्णांचं घर. मधे एकच भिंत. अण्णा कन्नड शाळेचे निवृत्त हेडमास्तर. दोघांची मैत्री इतकी जुनी, की संध्याकाळचा चहा आमच्या कट्ट्यावर झाला नाही तर दोघांच्याही पोटात गडबड होते. साहेब मराठी, पण दूधवाल्यावर रागावले की कानडीतच रागावतात. म्हणतात, मराठीत राग नीट निघत नाही. अण्णा कन्नडचे मास्तर, पण आई उदगीरची, त्यामुळे ठेच लागली की "आई गं" म्हणतात. इथं कुणाच्या घराचं एका भाषेवर भागत नाही.

एका दुपारी मी पडले होते. आमचा पंखा घरघरला, थांबला. जरा वेळानं तीच घरघर भिंतीपलीकडून आली. ती थांबली, की पुन्हा आमचा. जशा दोन गिरण्या पाळीपाळीनं चालाव्यात. मग रोजच लक्ष जाऊ लागलं. एकदा पाणी भरताना मी अण्णांच्या बायकोला, आमच्या अक्काला, हे सांगितलं.

"अय्यो टीचर, ह्यांचं लॅपटॉप बंदच होत न्हाई बघा," अक्का म्हणाली. "इचारलं तर म्हणतात, पेन्शनचं बघायलोय. रोज काय बघायचं त्यात? ते रोज वाढतंय का?"

मग उन्हाळ्यात अण्णांच्या मशीननं ओरडून ओरडून जीव सोडला. अण्णा आमच्याकडं आले. या वेळी खरंच पेन्शनचं काम होतं. साहेब भाजी आणायला गेलेले. मी चाळणीवरचा लॅपटॉप अण्णांपुढं सरकवून उघडून दिला. साहेबांनी बातम्यांचं पान तसंच ठेवलं होतं, त्यामुळे पंखा लगेच बोंबलू लागला.

अण्णांनी पेन्शनला हात लावलाच नाही. ते पानाच्या तळाकडं बघत राहिले. कुठल्याशा बसच्या पाटीवर कोणती भाषा असावी, अशी बातमी होती, आणि खाली लोकांचं भांडण. लिहायच्या चौकटीवर स्वच्छ दिसत होतं: "सीमेचा वाघ" या नावानं प्रतिक्रिया लिहा.

"टीचर," अण्णा हळूच म्हणाले, "ह्यो वाघ कोण?"

"घरात तर साहेबच ऱ्हातेत."

मी वाकून वाचलं. सीमेचा वाघ कुण्या "गडिनाड हुली"शी भांडत होता. वाघानं लिहिलं होतं, या हुलीला म्हशीएवढीही अक्कल नाही. हुलीनं लिहिलं होतं, परदेशी पाहुण्यांनी पाहुण्यांसारखं राहावं. असं महिनोन् महिने चाललेलं, रोज दुपारी. आता आमच्या भागात हुली म्हणजे वाघ हे शेंबड्या पोरालाही कळतं. गडिनाड म्हणजे सीमेचा मुलूख. मी अण्णांकडं पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात साहेब कोथिंबिरीची जुडी घेऊन आत आले. "अण्णा, कवा आलाव? चहा टाकली का न्हाई हिनं?"

"मी म्हैस व्हय, साहेब?"

साहेबांच्या हातातली जुडी तशीच राहिली. त्यांनी पान पाहिलं, अण्णांना पाहिलं, आणि मग त्यांचाही आवाज चढला. "आन तुमी मला परदेशी म्हणलाव! माझा जन्म हितल्याच खटकचिंचोळीचा!"

"मला काय ठाव ते तुमी हाव!"

"मला तरी काय ठाव!"

पंखा इतका घोंघावत होता की दोघांना ओरडूनच बोलावं लागत होतं. खरोखर मारामारी लागली असं वाटून अक्का पिठाच्या हातानं धावत आली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं दोघांना कानडीत असं झाडलं, की शब्दन् शब्द दोघांना समजला. त्यांना तेवढं तरी दोन भाषा येत असल्याचं फळ मिळालं.

त्यानंतर चहा बंद. अण्णा झाडांना पाणी घालताना पाठ आमच्याकडं करत. साहेब पेपर मागवू लागले आणि तो दुमडून दुमडून वाचू लागले. दोन्ही घरं गप्प. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. दुपारची झोप लागत होती. अक्का मात्र म्हणाली, "ह्यांचं तोंड बघवत न्हाई. भांडायला माणूस न्हाई म्हणून माझ्याशी भांडायलेत."

आठवडा गेला असेल नसेल, साहेबांनी सवयीनं लॅपटॉप उघडला आणि ते पान पुन्हा लावलं. कुण्या तिसऱ्यानंच लिहून ठेवलं होतं. नावावरून मोठ्या शहरातला वाटत होता. म्हणे, बीदरकडच्या लोकांना ना धड मराठी येते ना धड कानडी, कशाला यांची पाटी लावायची कुठल्याच भाषेत.

साहेब बनियनवरच उठले आणि भिंतीपाशी गेले. "अण्णा! अवो अण्णा! या, बघा ह्यो काय बोलायलाय."

अण्णा चप्पल न घालता आले. दोघांनी मान खाली घालून वाचलं. मग अण्णांनी खुर्ची ओढली. साहेब मराठीत सांगू लागले, अण्णा कानडीत भर घालू लागले, आणि दोन बोटांनी टाइप करण्यावरून त्यांचं लगेच पुन्हा वाजलं, पण ते आपसातलं. आधी नाव कोणतं द्यायचं यावरच बराच वेळ गेला. वाघ की हुली. ज्याच्यासाठी चालली होती ही तयारी, तो माणूस तोवर दुसऱ्या कुणाला तरी शिव्या द्यायला निघून गेला असणार. ते मी सांगितलं, पण ऐकतंय कोण.

अक्का दारात उभी होती. "टीचर, बसवकल्याणला माझ्या बहिणीकडं जायलेय. येताव?"

मी साडी बदलली. बसमध्ये आम्ही पाटीकडं बघितलंसुद्धा नाही. कुठं जाते ते कंडक्टर ओरडून सांगत होता. बहिणीकडं गरम होळग्या होत्या, म्हणजे आपल्या पुरणपोळ्याच. जेवताना अक्काचा फोन वाजला, मग माझा, मग पुन्हा अक्काचा. चहापत्तीचा डबा कुठं आहे, एवढंच विचारायचं असणार. अक्कानं दोन्ही फोन उशीखाली सारले आणि बहिणीला म्हणाली, "टीचरला आणखी तूप वाढ."